वर्ट थंड करण्याची घरगुती साधने आणि त्यांतील सुधारणा

माल्टमधून उतरवलेले गोड पाणी, म्हणजे वर्ट, हॉप्स घालून तास-दीड तास खळखळून उकळले की बिअरच्या कृतीतला विस्तवाचा भाग संपतो. पुढचे काम यीस्टचे. एल जातीच्या बिअरचे यीस्ट साधारण १८ ते २२ अंश सेल्सिअसला नीट काम करते, लागरचे ८ ते १३ अंशांना. उकळत्या वर्टमध्ये घातले तर ते तत्काळ मरते. मधले ऐंशी-नव्वद अंश उतरवायचे कसे, हे कोडे जुनेच आहे. बव्हेरियात १५५३ साली ड्यूक आल्ब्रेख्त पाचवा याने २३ एप्रिल ते २९ सप्टेंबर या काळात बिअर करायला मनाई केली, कारण उन्हाळ्यातली बिअर नासत असे. बेल्जियममध्ये वर्ट उथळ, पसरट, उघड्या हौदात रात्रभर निवत ठेवत. ब्रसेल्सच्या कांतियों ब्रुअरीत लाम्बिक बिअरसाठी थंडीच्या महिन्यांत आजही तेच करतात, पण तिथे हवेतून पडणारे रानटी यीस्ट हवेच असते. १८७०च्या दशकात कार्ल फॉन लिंडेचे शीतयंत्र म्युनिकच्या श्पाटन ब्रुअरीत पोहोचले. १९२३ साली इंग्लंडमध्ये रिचर्ड सेलिगमनने दूध पाश्चराइझ करण्यासाठी पत्र्यांचा उष्णता-विनिमयक आणला, आणि पुढे ब्रुअऱ्यांनीही तो उचलला.

घरी बिअर करणाऱ्यांपुढे हा प्रश्न उशिरा आला. ब्रिटनने घरगुती बिअरसाठी लागणारा परवाना १९६३ साली रद्द केला. अमेरिकेत केंद्रीय कायद्याने ही मुभा १ फेब्रुवारी १९७९पासून मिळाली. तीही घरात दोन प्रौढ असतील तर वर्षाला २०० गॅलनपर्यंत. चार्ली पपाझियनचे ‘द कम्प्लीट जॉय ऑफ होमब्रूइंग’ १९८४ साली आले आणि स्वयंपाकघरातल्या पातेल्यांना नवे काम मिळाले. महाराष्ट्रात मात्र १९४९च्या दारूबंदी अधिनियमाखाली परवान्याविना मद्य तयार करणे हा गुन्हा आहे. त्यामुळे पुढचे सगळे वर्णन ही हौस जिथे कायदेशीर आहे तिथल्या गॅरेजांतले आणि परसांतले आहे.

थंड करण्याची घाई कशासाठी, हे आधी पाहिले पाहिजे, कारण सुधारणा कुठे करायची ते त्यावर ठरते. पहिले कारण डायमिथाइल सल्फाइड. माल्टमधल्या एका गंधकयुक्त घटकापासून हे द्रव्य गरम वर्टमध्ये तयार होत राहते. उकळताना ते वाफेबरोबर निघून जाते, पण आच बंद झाली की साचू लागते आणि बिअरला शिजवलेल्या मक्याचा किंवा कोबीचा वास येतो. फिकट पिल्सनर माल्टमध्ये हा त्रास जास्त. दुसरे कारण हॉप्स. शेवटी घातलेल्या हॉप्सचा सुगंध गरम वर्टमधून उडतो आणि कडवटपणा मात्र वाढत राहतो. या दोन्ही गोष्टी सुमारे ८० अंशांच्या खाली मंदावतात. तिसरे कारण गढूळपणा. झटकन थंड केल्यास प्रथिने आणि पॉलिफिनॉल यांचे गठ्ठे बांधून तळाशी बसतात. चौथे कारण जंतू. साठ अंशांच्या खाली आलेले गोड वर्ट कोणत्याही जिवाणूला मेजवानीच असते. जंतूंची भीती हौशी लोकांत सर्वांत मोठी, पण ती थोडी फुगवलेली आहे. भांडी स्वच्छ असतील आणि झाकण घट्ट असेल, तर एका रात्रीत वर्ट सहसा नासत नाही. पहिले वीस अंश चवीसाठी झटपट उतरावे लागतात, शेवटचे वीस यीस्टला लवकर कामाला लावण्यासाठी. ही दोन कामे वेगळी आहेत आणि एकच युक्ती दोन्हीला पुरत नाही.

हिशेब मांडला की चित्र स्पष्ट होते. अमेरिकी घरगुती घाणा सहसा पाच गॅलनचा, म्हणजे जवळपास २० लिटरचा असतो. मध्यम दाटीचे एवढे वर्ट एक अंशाने उतरवायला सुमारे ८३ किलोज्यूल उष्णता काढावी लागते. १०० वरून २० अंशांवर आणायचे तर ६.६ मेगाज्यूल. हे काम बर्फावर सोपवायचे ठरवले, तर शून्य अंशाचा बर्फ वितळून वीस अंशांपर्यंत तापताना किलोमागे सुमारे ४१८ किलोज्यूल घेतो. म्हणजे सोळा किलो बर्फ लागेल. नळाचे १५ अंशांचे पाणी वेटोळ्यातून सोडले आणि बाहेर पडणारे पाणी त्या क्षणीच्या वर्टइतके तापते असे धरले, तरी ३० अंशांवर यायला किमान ३४ लिटर लागतात. तिथून २० अंशांवर यायला आणखी २२ लिटर. प्रत्यक्षात पाणी एवढे तापून बाहेर पडत नाही, म्हणून याच्या दुप्पट सहज जाते. म्हणजे पहिल्या सत्तर अंशांना ३४ लिटर आणि शेवटच्या दहांना २२. वर्ट आणि पाणी यांच्या तापमानात फरक उरला नाही की उष्णता हलायलाच तयार होत नाही. टेक्सास किंवा फ्लोरिडात उन्हाळ्यात नळाचेच पाणी २५ अंशांच्या वर असते. तिथे कितीही पाणी सोडले तरी वर्ट वीस अंशांवर येणार नाही. शेवटचे तेच दहा अंश बर्फाने उतरवले तर आदर्श हिशेबाने दोन किलो बर्फ पुरतो.

सर्वांत साधे साधन म्हणजे पातेले उचलून बर्फाच्या पाण्यात, सिंकमध्ये किंवा टबमध्ये ठेवणे. चार-पाच लिटरला ते उत्तम. वीस लिटरला पातेल्याच्या बाहेरच्या भिंतीचे क्षेत्रफळ अपुरे पडते, आणि उकळत्या वीस लिटरचे पातेले उचलणे हा स्वतंत्र धोका आहे. नवशिके अर्धेच पाणी उकळतात आणि उरलेले आधी उकळून थंड केलेले पाणी वरून ओततात. दाट वर्टमधून हॉप्सचा कडवटपणा कमी उतरतो, पण थंड करण्याचा प्रश्न निम्मा होतो.

यानंतर येते बुडवायचे वेटोळे, ज्याला घरगुती ब्रुअर नुसते ‘चिलर’ म्हणतात. तीन-अष्टमांश इंच बाहेरच्या व्यासाची मऊ तांब्याची नळी, २५ किंवा ५० फूट, फ्रिज-एसीच्या कामासाठी गुंडाळीत विकली जाते तीच. ती एखाद्या गोल डब्याभोवती किंवा सोड्याच्या उंच पिंपाभोवती गुंडाळायची, दोन्ही टोके वर आणून पातेल्याच्या काठाबाहेर वळवायची, एकाला नळाची होस आणि दुसऱ्याला सांडपाण्याची होस जोडायची. वळवताना नळी चेपली की पाण्याचा मार्ग आखडतो. म्हणून आत बारीक कोरडे मीठ ठासून दोन्ही टोके बुचाने बंद करतात, मग वाकवतात. काम झाल्यावर मीठ पाण्याने धुऊन जाते, वाळू अडकून राहते. नळी वाकवण्याची स्प्रिंगही मिळते. तांबे पुन्हा पुन्हा वाकवले की कडक होते आणि चिरते, त्यामुळे जुने वेटोळे सरळ करून नव्याने वळवायचे असेल तर ते आधी मंद लाल होईपर्यंत तापवून मऊ करून घ्यावे लागते.

या वेटोळ्यात सुधारणा करायची म्हटली की पहिला विचार येतो तो आणखी तांबे घालण्याचा. पंचवीस फुटी नळीचे बाहेरचे क्षेत्रफळ सुमारे ०.२३ चौरस मीटर, पन्नास फुटीचे दुप्पट. पण त्याने वेळ निम्मा होत नाही. अरुंद लांब नळीत पाण्याला अडथळा जास्त, प्रवाह मंदावतो, आणि आत शिरलेले पाणी निम्म्या वाटेतच वर्टइतके तापते. पुढची नळी गरम पाण्याची नुसती वाहतूक करते. तोच पन्नास फूट माल दोन पंचवीस फुटी वेटोळ्यांत विभागून, नळाशी दोन फाटे काढून समांतर जोडला, तर दोन्हींत ताजे थंड पाणी जाते आणि एकूण प्रवाह वाढतो. अर्धा इंची नळीही याच कारणाने सरस ठरते, मात्र ती हाताने वळवणे कष्टाचे आहे.

नळी कोणत्या धातूची, यावर नेहमी वाद होतात. तांबे उष्णता स्टेनलेस स्टीलच्या जवळपास पंचवीस पट चांगली वाहते, हे खरे. पण नळीची भिंत अर्धा-पाऊण मिलिमीटरची. एवढ्या अंतरात धातूचा अडथळा एकूण अडथळ्याच्या काही टक्क्यांचाच असतो. खरा अडथळा असतो नळीला दोन्ही बाजूंनी चिकटून राहणाऱ्या स्थिर द्रवाच्या पातळ थराचा. आतल्या बाजूला पाणी वेगाने वाहत असल्याने तो थर पातळ राहतो. बाहेर वर्ट निवांत उभे असते, आणि नळीभोवतीचे थंड झालेले वर्ट उरलेल्या गरम वर्टला नळीपर्यंत पोहोचू देत नाही. म्हणून सर्वांत स्वस्त सुधारणेला एक पैसाही लागत नाही: वेटोळे हाताने सतत वर-खाली हलवत राहणे. हात थांबवून सांडपाण्याच्या होसला स्पर्श केला की ती काही क्षणांत कोमट होते. वेटोळे हलवले की पुन्हा चटका बसू लागतो. बाहेर पडणारे पाणी जितके गरम, तितकी उष्णता जास्त निघते आहे, आणि यासाठी वेगळे मोजमाप लागत नाही. वेढ्यांमध्ये बोटभर अंतर ठेवणे आणि दोन वेगवेगळ्या व्यासांची वेटोळी एकात एक बसवणे, या युक्त्यांमागेही हाच हेतू आहे. थंड वर्ट जड असल्याने खाली बसते, त्यामुळे न हलवता काम करायचे असेल तर वेटोळे तळाशी न ठेवता वर्टच्या पृष्ठभागाजवळ टांगावे. तळाशी ठेवलेले वेटोळे स्वतःच थंड केलेल्या वर्टमध्ये बसून राहते आणि वरचे वर्ट गरमच उरते. थर्मामीटर तळाशी असेल तर तो फसवतोही.

हलवण्याचे काम यंत्रावर सोपवणारी सुधारणा अमेरिकी ब्रुअर आणि लेखक जमील झायनाशेफ याने लोकप्रिय केली. पातेल्याच्या तळाच्या तोटीतून पंपाने वर्ट ओढायचे आणि वेटोळ्यालाच बांधलेल्या एका तांब्याच्या वाकड्या नळीतून पुन्हा पातेल्यात तिरपे सोडायचे. पातेल्यात भोवरा तयार होतो, वर्ट वेटोळ्यावरून वाहत राहते आणि गाळ मध्यभागी गोळा होतो. सगळे वर्ट एकाच वेळी ८० अंशांच्या खाली येत असल्याने मक्याचा वास टळतो आणि हॉप्सचा सुगंध टिकतो. पंप चुंबकीय जोडाचा, उकळत्या द्रवाला चालणारा लागतो. असा पंप स्वतःहून द्रव ओढू शकत नाही, म्हणून तो पातेल्याच्या पातळीखाली बसवायचा आणि वेग कमी करायचा तर बाहेरच्या बाजूची तोटी आवळायची, आतल्या बाजूची नाही. पंप आणि त्याच्या होसमधून शेवटची दहा-पंधरा मिनिटे उकळते वर्ट फिरवले की ते निर्जंतुक होतात.

शेवटच्या दहा अंशांसाठी बहुतेक जण आधी पूर्व-चिलर करून पाहतात: नळाचे पाणी मुख्य वेटोळ्यात जाण्यापूर्वी बर्फाच्या बादलीत ठेवलेल्या दुसऱ्या छोट्या वेटोळ्यातून जाते. वर्ट ९० अंशांवर असताना हे लावले तर बर्फ फुकट जातो, कारण तेव्हा पाणी १५ अंशांचे असो वा ८, फारसा फरक पडत नाही. ३५-४० अंशांवर आल्यावरच ते जोडावे. शिवाय बर्फात स्थिर पडलेल्या वेटोळ्यासाठीही बादली हलवत राहावी लागते. त्यापेक्षा बादलीत कारंज्याचा छोटा बुडणारा पंप ठेवून बर्फाचे पाणीच मुख्य वेटोळ्यातून फिरवणे जास्त परिणामकारक, आणि दुसऱ्या वेटोळ्याचा खर्चही वाचतो. नळ बंद करून होस पंपाला जोडल्यावर आधी नळीत उरलेले कोमट पाणी बाहेर जाऊ द्यायचे, मग परतीची होस बादलीत सोडायची. हे पंप फार गरम पाण्याला केलेले नसतात. विजेची जोडणी गळती होताच वीज तोडणाऱ्या ब्रेकरवरच असावी, कारण आसपास सगळे ओलेच असते.

पाण्याची टंचाई असेल तिथे बंद चक्राचा विचार होतो. १५ अंशांच्या १०० लिटर पाण्याच्या पिंपातून पाणी फिरवत राहिले, तर वर्ट आणि पिंप दोन्ही २९ अंशांच्या आसपास येऊन थांबतात. आधी पिंप, मग बर्फाची बादली, असे दोन टप्पे केले की नळ उघडावाच लागत नाही. नळावर चालणाऱ्या चिलरचे पहिले पंधरा-वीस लिटर पाणी चांगलेच गरम असते. ते भांडी धुण्यासाठी वेगळे काढून बाकीचे बागेत सोडणे ही सोपी सोय आहे.

तिसरे साधन प्रतिप्रवाही चिलर. यात बादलीभर वर्ट एकत्र थंड होत नाही. ते आतल्या तांब्याच्या नळीतून वाहते आणि बाहेरच्या बागेच्या होसमधून पाणी उलट दिशेने येते. निघताना वर्टची गाठ सर्वांत थंड पाण्याशी पडते, म्हणून ते एकाच फेरीत नळाच्या पाण्याच्या जवळपास पोहोचते, आणि आदर्श हिशेबाने पाणी वर्टइतकेच लागते. जुन्या बुडवायच्या वेटोळ्याचे असे रूपांतर बरेच जण करतात. वेटोळे सरळ करायचे, साबणाच्या पाण्याने ओली केलेली होस त्यावर चढवायची, मग दोन्ही मिळून पिंपाभोवती पुन्हा गुंडाळायचे. होसचा आधार असल्याने नळी चेपत नाही. कटकट टोकांची असते. तिथे टी-आकाराचा जोड लागतो, ज्यातून तांब्याची नळी आरपार जाते आणि पाणी आडव्या फाट्यातून शिरते. बाजारातल्या दाबजोडाच्या आत नळीला अडवणारी कड असते. ती कानशीने किंवा ड्रिलने काढल्याशिवाय नळी पलीकडे जात नाही. पुष्कळांचा पहिला प्रयत्न इथेच अडतो. दुसरी सुधारणा म्हणजे होस चढवण्यापूर्वी आतल्या नळीभोवती तांब्याची तार विरळ वेढ्यांत गुंडाळून सोल्डरने पकडणे. नळी होसच्या एका बाजूला टेकत नाही आणि पाणी तारेवर आपटून घुसळत जाते. सोल्डर शिशाविरहितच हवे.

प्रतिप्रवाही चिलरचा वेग मोहात पाडतो. पण त्याच्या आतले दिसत नाही, आणि वर्ट आतूनच जाते. हॉप्सचा पाला किंवा गाळ अडकला तर कळायला मार्ग नाही. प्रत्येक वापरानंतर लगेच गरम पाणी उलट दिशेने सोडून धुणे आणि वापरण्यापूर्वी उकळते वर्ट फिरवणे, ही शिस्त ज्याला पाळता येत नाही त्याने बुडवायचे वेटोळेच वापरावे. त्याला उकळत्या वर्टमध्ये पंधरा मिनिटे बुडवले की काम झाले. शिवाय फेरी संपेपर्यंत पातेल्यातले उरलेले वर्ट गरमच राहते, म्हणजे मक्याच्या वासाचा आणि कडवटपणाचा प्रश्न तिथे सुटत नाही. पत्र्यांचा तयार चिलर आकाराने विटेएवढा आणि सर्वांत वेगवान असतो, पण पत्र्यांमधल्या फटी इतक्या अरुंद असतात की घरी करण्यासारखी सुधारणा एकच: पातेल्याच्या तोटीमागे चांगली जाळी.

कोणत्याही तांब्याच्या साधनाची पहिली स्वच्छता महत्त्वाची. नव्या नळीवर कारखान्यातले तेल आणि जोडांवर सोल्डरचे रसायन असते. ते आधी साबणाने, मग व्हिनेगरने काढतात. बिनकल्हईच्या पितळी भांड्यात आमटी कळकते, त्यातलाच प्रकार इथेही घडू शकतो. वर्ट सौम्य आम्ल असते, पीएच साधारण ५.२, आणि नळीवरचा काळपट थर त्यात विरघळून ती लखलखीत होऊन बाहेर येते. एवढे तांबे अपायकारक नसते, किंबहुना अत्यल्प तांबे यीस्टला लागतेही. हिरवा कळंक मात्र विषारी. तो दिसला तर वापरण्यापूर्वी घासून काढलाच पाहिजे. ब्लीचने तांबे काळे पडते, म्हणून ते टाळतात.

होसचे जोड पातेल्याच्या वर ठेवू नयेत. गळणारा क्लॅम्प थंड झालेल्या वर्टमध्ये नळाचे कच्चे पाणी थेंब-थेंब सोडतो आणि सगळी स्वच्छता वाया जाते. साधी पारदर्शक व्हिनाइलची होस उष्णतेने लिबलिबीत होऊन तोंडावरून निसटते. गरम बाजूला सिलिकॉनची लावावी. सर्वांत जास्त भाजणे होते ते पाणी पहिल्यांदा सोडताना. उकळत्या वर्टमध्ये बुडालेले कोरडे वेटोळे शंभर अंशांवर असते, आत शिरलेल्या पहिल्या पाण्याची वाफ होते आणि सांडपाण्याची होस फुत्कारत उसळते. ती आधीच बादलीला किंवा मोरीच्या तोटीला बांधून ठेवावी आणि नळ हळूहळू उघडावा.

यंत्रच टाळणारा मार्ग ऑस्ट्रेलियात रुजला, तिथल्या पाणीटंचाईमुळे. उकळते वर्ट जाड एचडीपीई प्लास्टिकच्या वीस लिटरच्या कॅनमध्ये काठोकाठ भरायचे, हवा दाबून काढायची, झाकण घट्ट लावायचे आणि कॅन उलटून ठेवायचा, म्हणजे झाकणही उष्णतेने निर्जंतुक होते. दुसऱ्या दिवशी वर्ट खोलीच्या तापमानाला असते. कडवटपणा वाढतो, म्हणून हॉप्स उशिरा घालावे लागतात. वीस मिनिटे पुढे ढकलण्याचा ठोकताळा बरेच जण पाळतात. वर्टचा पीएच ४.६च्या वर आणि आत हवा नाही, अशा स्थितीत बोट्युलिझमच्या जिवाणूंचे बीजाणू वाढू शकतात. त्यामुळे कॅन आठवडेच्या आठवडे ठेवणे शहाणपणाचे नाही. थंड होताच यीस्ट घालावे. मधला तोडगाही आहे. वेटोळ्याने वर्ट ३० अंशांपर्यंत आणायचे, स्वच्छ भांड्यात झाकून किण्वनाच्या फ्रिजमध्ये ठेवायचे आणि यीस्ट दुसऱ्या सकाळी घालायचे. ज्यांच्याकडे असा फ्रिज आहे, त्यांना बर्फाची बादली, पंप आणि दुसरे वेटोळे यांपैकी कशाचीच गरज उरत नाही.

सुधारणेचा उपयोग झाला की नाही, हे महागड्या माल्टवर तपासण्याचे कारण नाही. वीस लिटर साधे पाणी उकळून तेच वेटोळे चालवायचे आणि १०० ते ८०, ८० ते ४०, ४० ते २० अशा तीन टप्प्यांना लागलेला वेळ, नळाच्या पाण्याचे तापमान आणि बादल्यांत मोजलेले पाणी लिहून ठेवायचे. एका वेळी एकच बदल. नळाचे पाणी हिवाळ्यात आणि उन्हाळ्यात दहा-पंधरा अंशांनी वेगळे असते, तेव्हा जानेवारीतल्या वेळेची जुलैतल्या वेळेशी तुलना करून नव्या तांब्याचे कौतुक करणे चुकीचे ठरते. काम झाल्यावर वेटोळ्यात फुंकून किंवा हवेच्या पंपाने आतले पाणी काढतात. मिनेसोटासारख्या ठिकाणी न तापवलेल्या गॅरेजमध्ये आत राहिलेले पाणी गोठून नळी फुटते, आणि ती चीर पुढच्या वेळी वर्टमध्ये नळाचे पाणी मिसळेपर्यंत दिसत नाही.